जर्मनमधला उखाणा

"जर्मनमध्ये घे," असं म्हणाले ती मीच.

कार्यालयात हशा पिकला. पुढच्या खुर्च्यांवरच्या बायकांनी पदर तोंडाला लावले, मागच्यांनी माना उंच केल्या. हर्षदा व्यासपीठावर उभी होती, मुलाकडच्या बर्ग्यांनी आणलेल्या साडीत. साडीचा रंग मुरलेल्या लिंबाच्या लोणच्यासारखा होता. दिलेल्या साडीला नावं ठेवू नयेत म्हणतात, म्हणून मी ती मनातच ठेवली होती.

"जिजी, जर्मनमध्ये उखाणा नसतो," ती हळू आवाजात म्हणाली.

"नसू दे. आजपासून असेल. दोन वर्षं पुण्यात राहून काय शिकलीस ते पाव्हण्यांना कळू दे की. नाव घे आणि मोकळी हो."

साखरपुडा होता. कुंकू लावून झालं होतं, साडी नेसून झाली होती, ओटी भरायची राहिली होती. अंगठ्यांचा मुहूर्त अजून लांब होता आणि गुरुजी घड्याळाकडे बघत सुपारी कातरत बसले होते. अशा रिकाम्या वेळात बायकांना उखाणा आठवतो. कराडचं हे मंगल कार्यालय आमच्या मालकांच्या माघारी मी उभं केलं, तेव्हापासून इथं झालेला प्रत्येक उखाणा माझ्या कानावरून गेलाय. चांदीचं ताट, सोन्याची वाटी, गुलाबाचं फूल. सामान तेच, नवरे तेवढे वेगळे.

हर्षदा माझ्या धाकट्या दिराची, विलासची मुलगी. विलास आणि त्याची बायको दोघंही इतकी गरीब, की दारात आलेल्या भिकाऱ्यालाही अहो-जाहो करतील. घरातले निर्णय मी घ्यायचे आणि त्यांनी 'बरं' म्हणायचं, अशी आमच्याकडे वाटणी होती. शाळा माझी चौथीपर्यंत. त्याचा मला कधी कमीपणा वाटला नाही. दुसऱ्या कुणाला माझ्याबद्दल वाटत असेल, तर तो माझ्यासमोर बोलत नाही.

ही जर्मन भाषा आमच्या घरात शिरली ती अकरावीला. मार्कं चांगली पडतात म्हणून साताऱ्याच्या कॉलेजात पोरीनं घेतली. बारावी झाली की सुटेल असं वाटलं होतं, तर ती अंगाला चिकटलीच. पुण्याला जाऊन तिच्यातच पदवी घ्यायची म्हणाली. नुसती भाषा नाही, तिथली कविता, तिथला इतिहास, तिथले लोक जेवतात कसे आणि रडतात कसे, सगळं. मी म्हटलं, आपल्या शेजारचे माळी कसे रडतात ते तुला माहीत नाही आणि तिकडच्यांचं कशाला बघायला जातेस? पण विलासनं आयुष्यात पहिल्यांदा 'बरं' म्हणायच्या आधी काहीतरी बोलायचा प्रयत्न केला. म्हणाला, "वहिनी, जाऊ दे तिला." मला त्याची दया आली, म्हणून जाऊ दिलं.

पहिल्या सुट्टीत आली ती स्वयंपाकघरातल्या डब्यांना चिठ्ठ्या चिकटवत सुटली. मीठ, साखर, तांदूळ, सगळ्यांची बारशी नव्यानं झाली. घशातून असा काही आवाज काढायची, की माशाचा काटा अडकलाय असं वाटून आमच्या स्वयंपाकीणबाईनं तिला केळं आणून दिलं. मी विचारलं, "सगळ्यात आधी काय शिकवलं तुला तिथं?"

"पहिल्या दिवशी एक वाक्य शिकवलं," ती म्हणाली. "मला कळलं नाही, कृपया पुन्हा सांगा."

"आणि?"

"आणि ते रोज म्हणायचं. लाजायचं नाही. कळल्यासारखं दाखवायचं नाही."

"एवढ्यासाठी पुण्याला गेलीस? हे तर तुला मी इथंच बुक्की घालून शिकवलं असतं."

दुसऱ्या सुट्टीत तिनं सांगितलं, त्या भाषेत चमचा पुल्लिंगी, काटा स्त्रीलिंगी आणि मुलगी नपुंसकलिंगी. ती मुलगी नाही, ते मुलगी. मी म्हटलं, "शहाणी माणसं आहेत मग. स्थळं बघायला लागलो की आपल्याकडेही तसंच असतं." सगळे हसले. ती नाही हसली.

मग बर्ग्यांचं स्थळ आलं. कोरेगावचे बर्गे. मुलगा विक्रांत, इंजिनियर, चार वर्षं जर्मनीत, स्टुटगार्ट का कुठलं गाव. आणि आमच्या अख्ख्या भावकीला एकदम उमगलं, की पोरगी जर्मन कशासाठी शिकत होती. ज्या बायका दोन वर्षं मला विचारत होत्या की 'ह्याचा उपयोग काय हो?' त्याच म्हणायला लागल्या, 'जिजींची दूरदृष्टी बघा.' माझ्या दूरदृष्टीचं कौतुक कुणी कधीही केलं तरी मी नाही म्हणत नाही.

बैठकीत बर्गेबाईंनी अट घातली. बाई मोठी गोड. बोलताना प्रत्येक वाक्यावर साय धरायची. म्हणाल्या, "डिसेंबरात विक्रांतला पुन्हा रजा आहे, तेव्हाच उरकून टाकू. शेवटचं वर्ष कशाला हवंय हो तिला? पदवी काय तिकडच्या भिंतीला लावायचीय? आमच्या विक्रांतला जर्मन मराठीसारखं येतं. घरातच मास्तर मिळतोय तिला."

विक्रांत सोफ्यावर पाय लांब करून बसला होता. दिसायला चांगला, दाढी कोरलेली, जोडे असे की आत आपलं तोंड दिसावं. म्हणाला, "काकी, ऑफिस, बाजार, शेजारी, आमचं सगळं जर्मनमध्येच चालतं. हिला पुस्तकी येत असेल. बोलायची मी शिकवतो."

हर्षदा चहाचा ट्रे घेऊन उभी होती. तिनं त्याला त्या भाषेत काहीतरी विचारलं. छोटंसंच. तो हसला आणि म्हणाला, "मोठ्यांसमोर नको. त्यांना वाटेल आपण काहीतरी लपवतोय."

"बघा, किती जपतो," बर्गेबाई म्हणाल्या. मलाही तो जपणाराच वाटला.

पाव्हणे गेल्यावर हर्षदा माझ्यामागे स्वयंपाकघरात आली. "जिजी, त्यांना येत नाही."

"काय येत नाही?"

"जर्मन. मी फक्त चहात साखर किती, एवढंच विचारलं होतं."

"तुला लग्न नको, म्हणून त्याच्यात खोट काढतेस."

"लग्न नको असं मी म्हणालेच नाही. शेवटचं वर्ष तेवढं होऊ दे. मला तिथली पुस्तकं मराठीत आणायचीत. ते शेवटच्याच वर्षात शिकवतात, आणि ते शिकायलाच मी गेलेय."

"पुस्तकं कुरिअरनं येतात," मी म्हटलं आणि विषय संपवला. माझ्या घरात विषय असेच संपतात.

तर ती व्यासपीठावर उभी. समोर दोन्हीकडची माणसं, बाजूच्या लाल खुर्चीत विक्रांत. आमच्या पोऱ्यानं माइक तिच्या हातात दिला. मी ओटीचं ताट धरून खालच्या पायरीवर होते.

"घेऊ, जिजी?" तिनं मला पुन्हा विचारलं. "नक्की?"

"घे म्हटलं ना."

तिनं माइक तोंडाशी नेला आणि बोलायला लागली.

माशाचा काटा कुठं गेला होता कोण जाणे. आवाज कसा स्वच्छ, धुतलेल्या तांदळासारखा. सावकाश बोलत होती. बायका एकमेकींना कोपरं मारत होत्या. विलासच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, पण ते त्याच्या डोळ्यांत कशानंही येतं. मी मात्र नीट बघत होते. मला शब्द कळत नव्हते, पण उखाणा मला कळतो. उखाण्यात नवऱ्याचं नाव शेवटाकडे येतं, पोरगी त्याच्याकडे वळत वळत जाते आणि ते आलं की खाली बघते. हिनं 'विक्रांत' पहिल्याच झटक्याला म्हटलं, एखाद्याला हाक मारून थांबवावं तसं. मग सगळा वेळ त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. आणि शेवटी आवाज वर नेऊन थांबली. थांबली म्हणजे थांबलीच. हात खाली, डोळे त्याच्यावर.

विक्रांतनं टाळ्या वाजवल्या. सगळ्यांच्या आधी, हात उंच करून. वर, "ब्राव्हो," म्हणाला.

मग सगळं कार्यालय वाजवायला लागलं. बर्गेबाई तर उठून उभ्या राहिल्या. मी वाजवल्या नाहीत. माझ्या हातात ताट होतं.

हर्षदानं डोळे मिटले आणि उघडले. माइक आमच्या पोऱ्याकडे परत दिला.

टाळ्या ओसरल्यावर मी म्हणाले, "जावईबापू, आम्ही अडाणी माणसं. काय म्हणाली ते सांगा की आम्हाला."

त्यानं पायावर पाय टाकला. "तेच हो काकी, आपलं नेहमीचं. आईवडिलांचे संस्कार, सासरची ओढ आणि शेवटी माझं नाव." इथं तो जरा लाजलासुद्धा. "छान होतं. उच्चार थोडे कच्चे आहेत. तिकडं आली की मी सुधारून घेईन."

"बघा, मी म्हटलं नव्हतं?" बर्गेबाई म्हणाल्या. "घरातच मास्तर."

शेवटी माझं नाव, म्हणाला. नाव तर पहिलं आलं होतं. जर्मन राहू दे बाजूला, त्याला स्वतःचं नाव ऐकू आलं नव्हतं.

मी ताट विलासच्या हातात दिलं. "पदराची पिन निघालीय तिची," असं चारचौघांत म्हणाले आणि हर्षदाला वधूपक्षाच्या खोलीत नेलं. दाराला कडी घातली.

"काय म्हणालीस?"

"उखाणा."

"मला उखाणे शिकवू नकोस. नाव आधी घेतलंस. शेवटी काहीतरी विचारलंस त्याला. काय विचारलंस?"

ती गाद्यांच्या चळतीवर बसली. "सांगितलं तर रागावशील."

"रागावलेलीच आहे. सांग."

ती एक घोट पाणी प्यायली. मग कुठंतरी पाहून, पाठ केलेलं म्हणावं तसं म्हणाली, "मी म्हटलं, विक्रांत, तुम्हाला ही भाषा येते म्हणून माझं शेवटचं वर्ष सोडायचं ठरलंय. मी आत्ता बोलतेय ते तुम्हाला कळत असेल, तर नुसते उभे राहा. मी सगळ्यांसमोर शब्द देते, उद्याच कॉलेज सोडते आणि आनंदानं तुमच्याबरोबर येते. कळत नसेल तर तसं सांगा, मी पुन्हा सांगेन, त्यात काहीच वाईट नाही. आणि कळत नसताना कळल्यासारखं दाखवायचं असेल, तर टाळ्या वाजवा. सांगा, काय करता?"

बाहेर कुणीतरी सनई लावली होती, तीच ती जुनी कॅसेट, मधे खरखरणारी.

"वाजवल्या की मेल्यानं," मी शेवटी म्हणाले.

"सगळ्यांच्या आधी."

"आणि उभा राहिला असता तर?"

"तर गेले असते."

"आईबापाला न विचारता असला डाव टाकलास?"

"मला तरी कुणी विचारलं होतं?" हे ती भांडून म्हणाली नाही. नुसतं म्हणाली. "शब्द दिला होता, जिजी."

"तो शब्द कळला होता कुणाला? फिरवला असतास तर कुणाच्या बापाला पत्ता लागला नसता."

"मला कळला होता ना."

हातातल्या हिरव्या बांगड्या ती एक एक करून मागं सारत होती. व्यासपीठावर, इतक्या माणसांसमोर, तिनं त्यांना हात लावला नव्हता, आणि इथं माझ्या एकटीसमोर चाळवत होती. मला ते आवडलंही आणि नाहीही.

"ते पहिलं वाक्य काय गं?" मी विचारलं. "पहिल्या दिवशीचं."

"मला कळलं नाही, पुन्हा सांगा."

"चार वर्षांत त्याला तेवढंही आलं नाही?"

"येत असेल, जिजी," ती म्हणाली. "म्हणायला लाज वाटली असेल."

दारावर टकटक झाली. "वहिनी," विलासचा आवाज, "गुरुजी म्हणतायत, मुहूर्त जवळ आला. आणि हे ताट कुठं ठेवू?"

"धरून उभा राहा," मी म्हटलं. हर्षदाच्या डोळ्यांखालचं काजळ माझ्या पदरानं पुसलं. पदर खराब झाला, तो डाग पुढं कधी गेला नाही.

"काय करणार आहेस?" तिनं विचारलं.

"काही नाही. उखाणा बायकांना कळला नाही. कार्यालय माझं आहे, तक्रार आली की मलाच बघावी लागते."

पुढं काय काय झालं ते आधीच सांगून टाकते, कारण गोष्टीचा शेवट मला माझ्या पसंतीचा करायचाय.

बर्गे न जेवता गेले. जिलबी परातीत राहिली, ती आमच्या माणसांनी दुसऱ्या दिवशीपर्यंत खाल्ली. जाताना बर्गेबाईंच्या बोलण्यावर साय नव्हती. म्हणाल्या, "पोरीला जास्त शिकवल्याचं फळ आहे हे." मी म्हटलं, "नाही हो, पोराला कमी शिकवल्याचं." विलासनं अंथरूण धरलं. भावकीतले म्हणाले, आता तुमच्या कार्यालयात कुणी लग्न करणार नाही. लोक उलट जास्तच आले. काही जण तर कुठल्या पायरीवर काय झालं ते बघायला यायचे आणि बघता बघता तारीख घेऊन जायचे. विक्रांतचं त्याच डिसेंबरच्या रजेत दुसरीशी लग्न झालं. सुखात आहेत म्हणे दोघं. तिला जर्मन येत नाही.

हर्षदानं ते वर्ष पुरं केलं, त्याच्यापुढचीही केली. आता पुण्यात शिकवते. नवरा तिनं स्वतः बघितला. त्याला जर्मनचं अक्षर येत नाही आणि तो ते पहिल्याच भेटीत मला सांगून मोकळा झाला, म्हणून मी फार खोट काढली नाही. गेल्या दिवाळीला तिनं मराठीत आणलेलं पहिलं पुस्तक छापून आलं. माझ्या हातात दिलं. मी चष्मा लावून पहिलं पान वाचलं आणि म्हटलं, "मला कळलं नाही. पुन्हा सांग." ती माझ्याशेजारी पाटावर बसली आणि तिनं पुन्हा सांगितलं.

आता शेवट.

खोलीतून बाहेर आले, आमच्या पोऱ्याच्या हातातून माइक घेतला. सनई बंद करायला लावली. विक्रांत अंगठीची डबी उघडून बसला होता.

"मंडळी," मी म्हणाले, "उखाणा गोड होता, पण बायकांना कळला नाही, अशी तक्रार आहे. जावईबापूंनी अर्थ सांगितला, पण घाईत सांगितला, थोडा सांडला. तेव्हा हर्षदा तोच उखाणा, एक शब्द इकडचा तिकडं न करता, आता मराठीत घेईल."

बायका खूश झाल्या. खुर्च्या पुढं सरकल्या. बर्गेबाई म्हणाल्या, "घे बाळ, घे." विक्रांतनं माझ्याकडे बघितलं, आणि त्या दिवसात पहिल्यांदा त्याला काहीतरी न सांगता कळलं असावं, कारण त्यानं डबी मिटली.

विलास ताट धरून उभा होता. हर्षदा वर चढली. माइक घेतला. माझ्याकडे वळून बघितलं नाही.

"विक्रांत," ती म्हणाली.

आणि तिनं सगळं सांगितलं, पहिल्यापासून. तेवढंच सावकाश, तेवढंच स्वच्छ. शेवटी आवाज वर नेला. "सांगा, काय करता?" आणि थांबली.

मागच्या रांगेत कुणीतरी सवयीनं हात वर आणले होते, ते तिथंच राहिले. गुरुजींचा अडकित्ता थांबला. वरचे पंखे फिरत होते त्यांचा आवाज मला इतक्या वर्षांत कधी ऐकू आला नव्हता, तो तेव्हा आला.

माझ्या कार्यालयात इतके उखाणे झाले. टाळी न पडलेला तो एकच. सगळ्यांना कळला होता.